शिवलकरांना बाहेर ठेवणारा नियम

पद्माकर शिवलकर ३ मार्च २०२५ रोजी वयाच्या ८४व्या वर्षी गेले आणि मुंबईचा सर्वकालीन संघ कोणता, हा जुना वाद आमच्या भिवंडीत पुन्हा वर आला. इथे हा वाद कुठेही रंगतो. धामणकर नाक्यावर चहा घेताना, कापडाच्या गोदामाच्या ओट्यावर, रविवारी टेनिस बॉलच्या सामन्यात दोन डावांच्या मधल्या वेळेत. गावस्कर, मर्चंट, तेंडुलकर ही नावे पटापट लिहिली जातात. फिरकी गोलंदाजाची जागा आली आणि कुणी शिवलकरांचे नाव घेतले की ठरलेले वाक्य येते : "बॉलर मोठा होता, वादच नाही. पण टेस्ट कुठे खेळला?" बहुतेक जण मान डोलावतात आणि नाव खोडले जाते.

हे खोडणे मला मान्य नाही. शिवलकरांवर माझे प्रेम आहेच, पण मुद्दा प्रेमाचा नाही. सर्वकालीन संघ काढायला बसलेला माणूस तेवढ्यापुरता निवड समितीचा सदस्य असतो. त्याने खेळ पाहायचा, आकडे पाहायचे, ते कुणाविरुद्ध आणि कसल्या खेळपट्टीवर मिळवले हे तपासायचे आणि मग मत द्यायचे. "कसोटी खेळला नाही, म्हणजे नको" म्हणणारा यातले काहीच करत नाही. पन्नास वर्षांपूर्वीच्या निवड समितीने जे ठरवले, त्याच्याखाली तो पुन्हा सही करतो. ती समिती चुकली का, हा प्रश्न तर सर्वकालीन संघ काढतानाच विचारायचा असतो.

आधी हा नियम कुणाला आत घेतो ते पाहू. उदाहरणे आपल्याच पट्ट्यातली घेतो. शार्दूल ठाकूर पालघरचा. २०१४ पर्यंत पालघर ठाणे जिल्ह्यातच होते. किटबॅग घेऊन लोकलने मुंबई गाठणाऱ्या या मुलाला ऑक्टोबर २०१८ मध्ये हैदराबादला वेस्ट इंडीजविरुद्ध कसोटी कॅप मिळाली. १० चेंडू टाकले आणि स्नायू दुखावून तो मैदानाबाहेर गेला. त्या संध्याकाळी तो कसोटी खेळाडू होता. पण त्या १० चेंडूंनी काय सिद्ध झाले? काहीच नाही. शार्दूलचा खरा कस जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनला लागला : ६७ धावा, सामन्यात ७ बळी आणि ऑस्ट्रेलियात मालिका जिंकणारा संघ. त्याला मोठे केले ते या खेळाने, हैदराबादच्या कॅपने नव्हे.

नीलेश कुलकर्णी डोंबिवलीचा. शिवलकरांसारखाच डावखुरा फिरकी गोलंदाज, मुंबईसाठी भरपूर राबलेला. १९९७ साली कोलंबोत कसोटीतल्या पहिल्याच चेंडूवर त्याने मार्व्हन अटापट्टूला बाद केले. मग श्रीलंकेने ६ बाद ९५२ धावा केल्या आणि नीलेशच्या नावापुढे ७० षटकांत १९५ धावा आणि तेवढाच एक बळी लागला. त्याच्या एकूण कसोटी ३, बळी २. त्याला दोष देण्याचे काहीच कारण नाही. त्या खेळपट्टीवर कुणाचेही हेच झाले असते. पण मुंबईच्या संघातल्या डावखुऱ्या फिरकीच्या जागेसाठी नियम लावला तर नीलेश पात्र ठरतो आणि शिवलकर अपात्र. स्वतः नीलेशला तरी हे पटेल का? सूर्यकुमार यादवही पात्र ठरतो, कारण फेब्रुवारी २०२३ मध्ये नागपूरला तो एक कसोटी खेळला आणि त्यात ८ धावा केल्या. वीस षटकांच्या खेळात सूर्यकुमारची तोड नाही, पण तो मोठेपणा नागपूरच्या ८ धावांवर उभा नाही. जो नियम या तिघांना एका चिठ्ठीवर आत सोडतो आणि प्रथम श्रेणीत ५८९ बळी घेणाऱ्याला दारात अडवतो, तो कौशल्य मोजत नाही.

मग मोजतो काय? एक शिक्का. आणि तो शिक्काही वाटतो तितका पवित्र नाही. १८८८-८९ च्या हंगामात इंग्लंडहून एक हौशी-व्यावसायिक मिश्र संघ दक्षिण आफ्रिकेत गेला. तिथे झालेले दोन सामने खेळणाऱ्यांच्या मनात कसोटी नव्हतेच. पुढे ते कसोटी म्हणून मोजले जाऊ लागले. त्यातल्या केपटाउनच्या सामन्यात जॉनी ब्रिग्जने २८ धावांत १५ बळी घेतले आणि ते आजही कसोटीच्या विक्रमांत आहेत. पोर्ट एलिझाबेथला इंग्लंडचे नेतृत्व करणारा ऑब्रे स्मिथ तेवढी एकच कसोटी खेळला. पुढे तो हॉलीवूडचा नट झाला. तो इंग्लंडचा कसोटी कर्णधार.

उलट टोकाला १९७० घ्या. वर्णभेदाच्या प्रश्नावरून दक्षिण आफ्रिकेचा इंग्लंड दौरा रद्द झाला आणि त्याऐवजी सोबर्सच्या नेतृत्वाखाली शेष विश्व संघ इंग्लंडशी पाच सामने खेळला. त्यांना आधी कसोटी मानले गेले, मग तो दर्जा काढून घेतला गेला. ग्लॅमॉर्गनचा ॲलन जोन्स त्यातला लॉर्ड्सचा एकच सामना खेळला होता. दर्जा गेल्याने तो पुन्हा 'कसोटी न खेळलेला' झाला, आणि कसोटी न खेळता सर्वाधिक प्रथम श्रेणी धावा करणारा फलंदाज म्हणून त्याचे नाव राहिले : ३६,०४९. पन्नास वर्षांनी, २०२० मध्ये, इंग्लंडच्या मंडळाने त्याला ६९६ क्रमांकाची कॅप सन्मानाने दिली. आणि २००५ मध्ये सिडनीत ऑस्ट्रेलिया विरुद्ध विश्व संघ हा तशाच जातीचा सामना झाला, तेव्हा त्याला मात्र अधिकृत कसोटी म्हटले गेले. जोन्सची बॅट १९७० मध्ये तीच, १९८० मध्ये तीच, २०२० मध्येही त्याच्या धावा तेवढ्याच. बदलत राहिला तो कचेरीतला निर्णय. आमच्या भिवंडीतला जाणकार व्यापारी तागा उलगडतो, कापड बोटांत धरून पोत पाहतो आणि मग भाव सांगतो; किनारीवरचा छाप वाचून कुणी सौदा करत नाही. क्रिकेटच्या बाबतीत आपण मात्र नेमका छापच का वाचावा?

भारताच्या इतिहासात तर हा नियम मुळावरच येतो. आपली पहिली कसोटी २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सवर सुरू झाली. त्याआधी इथे क्रिकेट नव्हते काय? १ डिसेंबर १९२६ रोजी बॉम्बे जिमखान्यावर सी. के. नायडूंनी हिंदू संघाकडून आर्थर गिलिगनच्या एमसीसीविरुद्ध १५३ धावा ठोकल्या, त्यांत ११ षटकार. त्याच महिन्यात त्याच मैदानावर, त्याच एमसीसीविरुद्ध अखिल भारतीय संघाकडून दि. ब. देवधरांनी १४८ धावा केल्या. भारतीय संघ इंग्लंडशी बरोबरीने खेळू शकतो हे गिलिगनच्या संघाला पटवण्यात या दोन्ही खेळींचा वाटा होता, आणि पुढे भारतीय मंडळ आणि कसोटीचा दर्जा हे त्याच वाटेने आले. नायडू १९३२ मध्ये कर्णधार झाले. देवधर तेव्हा चाळिशीचे होते. त्यांना कधीच अधिकृत कसोटी मिळाली नाही. पण हा चाळिशीचा 'म्हातारा' पुढे महाराष्ट्राचे नेतृत्व करत १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ दोनदा रणजी करंडक घेऊन आला आणि पन्नाशी ओलांडल्यावर १९४४ मध्ये नवानगरविरुद्ध एकाच सामन्यात दोन शतके काढून गेला. भारताला कसोटीचे दार उघडून देण्यात ज्यांचा हात, ते त्या दारातून आत गेले नाहीत म्हणून त्यांना वगळायचे, हा कुठला न्याय?

आणि पाळवणकर बाळू. पुण्यातल्या इंग्रजांच्या क्लबात खेळपट्टी लोळवणारा, नेट बांधणारा आणि साहेबांना तासन्‌तास गोलंदाजी टाकून स्वतःची फिरकी घडवणारा चर्मकार समाजातला हा तरुण. पुण्याच्या हिंदू संघात घेतल्यावरही चहाच्या वेळी त्याला मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ हरत राहिला आणि बाळू बळी घेत राहिले : दौऱ्यात ११४ बळी, सरासरी १८.८४. इंग्लंडच्या कौंट्यांविरुद्ध, परक्या हवेत, पस्तिशीच्या घरात. प्रथम श्रेणीत त्यांचे ३३ सामन्यांत १७९ बळी, सरासरी १५.२१. शेवटचा प्रथम श्रेणी सामना खेळले तेव्हा भारताच्या पहिल्या कसोटीला अजून दशकभराचा अवकाश होता. हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंना जातीमुळे मिळाले नाही. ते त्यांचा धाकटा भाऊ विठ्ठल याला १९२३ मध्ये मिळाले. आज कुणी "बाळू कसोटी खेळला नाही" म्हणून त्यांना भारताच्या सर्वकालीन फिरकी गोलंदाजांच्या यादीतून वगळत असेल, तर जन्मवर्ष हा दोष धरून तो एका माणसाला दुसऱ्यांदा मंडपाबाहेर बसवतो आहे, एवढे त्याने लक्षात घ्यावे.

इथे मला समोरून एक सवलत दिली जाते. "बरं, १९३२ आधीचे सोडा. पण नंतरच्यांना तर संधी होती ना?" मग नंतरचे बघू. सी. के. नायडू कसोटी किती खेळले? ७. धावा ३५०, सरासरी २५. विजय मर्चंट? १०, सरासरी ४७.७२. तरीही दोघे निर्विवाद आत. का? कारण नायडूंची १९२६ ची ती खेळी आणि होळकर संघातली त्यांची कारकीर्द आपण मोजतो. कारण मर्चंट यांची प्रथम श्रेणीतली सरासरी ७१.६४ आहे, रणजी करंडकातली ९८.७५, आणि पंचरंगी सामन्यांतल्या त्यांच्या खेळी आपल्या आजोबांच्या पिढीने डोळ्यांनी पाहिल्या होत्या. हे योग्यच आहे. पण मग एक मान्य करा : ज्यांच्याकडे कॅप आहे त्यांचा देशांतर्गत खेळ तुम्ही पुरावा म्हणून धरता, आणि ज्यांच्याकडे कॅप नाही त्यांचा तसलाच खेळ पुरावा म्हणून नाकारता. नायडूंच्या ७ कसोटींनी त्यांचे मोठेपण सिद्ध केले नाही. त्या ७ कसोटींनी फक्त त्यांचा उरलेला पुरावा दाखल करून घेण्याची परवानगी दिली. ब्रॅडमनने स्वतःच्या सर्वकालीन संघात बॅरी रिचर्ड्सला सलामीला घेतले. रिचर्ड्सच्या कसोटी ४. त्या चारांवरून ब्रॅडमनने तो निर्णय घेतला नसणार. त्याने फलंदाज पाहिला होता.

आता शिवलकर. १९६१-६२ ते १९८७-८८, प्रथम श्रेणीचे १२४ सामने, ५८९ बळी, सरासरी १९.६९. शिवाजी पार्क जिमखान्याचा हा गोलंदाज विनू मांकड यांच्या नजरेला पडला आणि पुढे मुंबईच्या संघात रुजला. मुंबईने १९५८-५९ पासून सलग १५ वर्षे रणजी करंडक जिंकला. त्या मालिकेतला शेवटचा विजय, १९७२-७३ चा मद्रासचा अंतिम सामना, मी जवळून पाहायला सांगेन, कारण त्यात सगळा मुद्दा आहे. चेपॉकची खेळपट्टी पहिल्या दिवसापासून फिरत होती. मुंबई सर्वबाद १५१. तमिळनाडू ८०. मुंबई ११३. तमिळनाडू ६१. तिसऱ्या दिवसाच्या सुरुवातीलाच सामना संपला. शिवलकर : १६ धावांत ८ आणि १८ धावांत ५. एकूण ३४ धावांत १३ बळी.

"खेळपट्टीच तशी होती," असे म्हणणारे लगेच पुढे येतात. होती ना. पण त्याच खेळपट्टीवर समोरून वेंकटराघवन आणि व्ही. व्ही. कुमार टाकत होते, दोघेही कसोटी खेळलेले फिरकी गोलंदाज. त्यांच्यासमोर मुंबईने दोन डावांत २६४ धावा काढल्या. शिवलकरांसमोर तमिळनाडूला १४१ वर आवरते घ्यावे लागले. फिरणाऱ्या खेळपट्टीवर सगळ्यांचाच चेंडू फिरतो. बळी त्याला मिळतात ज्याला टप्पा कुठे टाकायचा हे ठाऊक असते. शिवलकरांची गोलंदाजी ज्यांनी पाहिली ते याच गोष्टीवर बोलतात. दोन-चार पावलांची छोटी धाव, शांत हात, चेंडू फलंदाजाच्या नजरेच्या वर जाऊन त्याला वाटतो त्यापेक्षा हातभर आधी पडणारा. फलंदाज पुढे येतो आणि चेंडू अजून तिथे पोचलेलाच नसतो. असा टप्पा दिवसभर, आणि तसा दिवस हंगामामागून हंगाम.

रणजीतले बळी स्वस्त असतात, हा दुसरा आक्षेप. आज तो काही अंशी खरा असेल, कारण कसोटी खेळाडू वर्षातून क्वचितच रणजीत दिसतात. शिवलकरांच्या काळात उलट होते. भारत कसोट्याच मोजक्या खेळत होता. डिसेंबर १९६९ मध्ये मद्रासला ऑस्ट्रेलियाविरुद्धची मालिका संपली आणि पुढची कसोटी फेब्रुवारी १९७१ मध्ये किंग्स्टनला. १९७० हे अख्खे वर्ष भारत एकही कसोटी खेळला नाही. अशा काळात विश्वनाथ, ब्रिजेश पटेल, जयसिंहा, बोर्डे हे सगळे रणजीत आणि दुलीप करंडकात खेळत होते. शिवाय नेटमध्ये शिवलकर रोज कुणाला टाकत होते? वाडेकर, सरदेसाई, गावस्कर, वेंगसरकर यांना. मुंबईच्या नेटमध्ये टिकणे म्हणजे काय, हे त्या काळात खेळलेल्या कुणालाही विचारावे.

मग कसोटी का नाही? कारण डावखुऱ्या फिरकीची जागा बिशनसिंग बेदींकडे होती. डिसेंबर १९६६ ते १९७९, ६७ कसोटी, २६६ बळी. बेदी शिवलकरांपेक्षा मोठे होते, हे मी स्वच्छ मान्य करतो. प्रथम श्रेणीची सरासरी ताणून शिवलकरांना बेदींच्या वर नेणारा युक्तिवाद मी करणार नाही. तो खोटा होईल. पण "बेदी असताना दुसरा डावखुरा फिरकी गोलंदाज खेळवता येत नव्हता" हेही खरे नाही. १९७१ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला वेस्ट इंडीजविरुद्ध आपण पहिल्यांदा जिंकलो, तेव्हा बेदी आणि सलीम दुराणी दोघेही संघात होते, आणि लॉइड व सोबर्सना झटपट बाद करून सामना फिरवणारे दुराणीच होते. जागा करायची ठरवली की होत होती.

राजिंदर गोयल यांच्याबाबत तर जागा रिकामीही झाली होती. नोव्हेंबर १९७४ मध्ये बंगळुरूच्या कसोटीतून मंडळाने शिस्तीच्या कारणावरून बेदींना वगळले. गोयल यांना बोलावले. पण मैदानात प्रसन्ना, वेंकट आणि चंद्रशेखर उतरले, गोयल बाहेर बसले. रणजीत ६३७ आणि एकूण प्रथम श्रेणीत ७५० बळी घेतलेला हा हरियाणाचा गोलंदाज एकही कसोटी न खेळता २०२० मध्ये गेला. सुनील गावस्करांनी आपल्या 'आयडॉल्स' या पुस्तकात ज्यांच्यावर लिहिले, त्यांत गोयल आणि शिवलकर दोघेही आहेत. कर्णधार असताना शिवलकरांना संघात घ्या हे निवड समितीला पटवता आले नाही, ही खंत गावस्करांनी शिवलकर गेल्यावर बोलून दाखवली. ज्याने या दोघांचे चेंडू स्वतः खेळून पाहिले, त्या भारताच्या सलामीवीराची साक्ष कमी दर्जाची आणि निवड समितीची चिठ्ठी वरच्या दर्जाची, असे धरायला मी तयार नाही.

समोरच्यांचा सर्वांत जोरदार मुद्दा ग्रॅम हिक हा आहे, आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. हिकने प्रथम श्रेणीत १३६ शतके काढली आणि ६५ कसोट्यांत त्याची सरासरी ३१ वर अडकली. "बघा, देशांतर्गत राजा कसोटीत उघडा पडतो. शिवलकरही पडले असते." पडले असते? कशावरून? हिकच्या बाबतीत ते दिसले म्हणून आपण ते मांडतो. शिवलकरांच्या बाबतीत दिसलेच नाही. आणि हा काटा दुसरीकडेही झुकतो. मायकेल वॉनची कौंटीतली कामगिरी साधारण होती, कसोटीत त्याने ४१ ची सरासरी राखली आणि इंग्लंडला ॲशेस जिंकून दिली. म्हणजे देशांतर्गत आकड्यांवरून कसोटीतले यश नेमके सांगता येत नाही, एवढेच सिद्ध होते. यातून निघते ती सावधगिरी. कसोटी न खेळलेल्याचे आकडे जरा जास्त कठोरपणे तपासा, बरोबरी असेल तर कसोटी खेळलेल्याला झुकते माप द्या. मलाही मान्य. बंदी मात्र यातून निघत नाही.

"मग थांबायचे कुठे?" हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो, जणू शिवलकरांना आत घेतले की मागोमाग शंभर जण शिरतील. शिरणार नाहीत. भाऊसाहेब निंबाळकर घ्या. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध महाराष्ट्राकडून नाबाद ४४३. ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम ९ धावांवर असताना काठियावाडच्या कर्णधाराने पुढे खेळायलाच नकार दिला आणि संघ घरी नेला. कोल्हापूरच्या या फलंदाजाला कसोटी मिळाली नाही याची हळहळ आजही मराठी घरांत आहे. तरी भारताच्या सर्वकालीन संघात मी त्यांना घेणार नाही. ८० सामने, ४,८४१ धावा, सरासरी ४७.९३ ही उत्तम कारकीर्द आहे. एका अतिविशाल खेळीने ती मर्चंट, हजारे, गावस्कर यांच्या रांगेत जात नाही. महाराष्ट्राच्या सर्वकालीन संघात मात्र त्यांची जागा पक्की. अमोल मुझुमदार घ्या. शारदाश्रम शाळेच्या त्या सामन्यात तेंडुलकर-कांबळींची ६६४ धावांची भागीदारी चालू असताना पॅड बांधून बसून राहिलेला मुलगा, रणजी पदार्पणात हरियाणाविरुद्ध २६०, पुढे ११,१६७ प्रथम श्रेणी धावा. मुंबईच्या सर्वकालीन संघात तो मला बसवता येत नाही, कारण मधल्या फळीत तेंडुलकर, वेंगसरकर, उम्रीगर, वाडेकर उभे आहेत. कॅप नाही म्हणून तो बाहेर राहत नाही. त्याच्यापुढे त्याच्यापेक्षा मोठे फलंदाज आहेत म्हणून राहतो. या दोन कारणांत फार अंतर आहे. पहिले कारण माणसाचा खेळ न पाहता दिलेले आहे, दुसरे पाहून.

मुझुमदारच्या मार्गदर्शनाखाली भारतीय महिला संघाने २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत डी. वाय. पाटील मैदानावर विश्वचषक जिंकला. महिलांच्या क्रिकेटला हा नियम लावून पाहा. मिताली राज दोन दशकांहून अधिक काळ खेळली, कसोटी १२. नोव्हेंबर २०१४ ते जून २०२१ एवढ्या काळात भारतीय महिलांना एकही कसोटी मिळाली नाही. त्या वर्षांत जी मुलगी ऐन भरात होती, तिने कसोटी कुठून आणायची?

हे सगळे मी इतक्या पोटतिडकीने का लिहितो, तर भिवंडीत राहणाऱ्याला संधी आणि गुण यांतला फरक रोज दिसतो. इथून सीझन बॉलचे क्रिकेट खेळायचे म्हणजे पहाटे किटबॅग खांद्यावर घेऊन घराबाहेर पडायचे. भिवंडी रोड स्टेशन वसई-दिवा मार्गावर, तिथल्या मोजक्या गाड्यांनी काम भागत नाही. म्हणून बसने किंवा शेअर रिक्षाने ठाणे नाही तर कल्याण, तिथून लोकलने दादर किंवा तिथे गाडी बदलून चर्चगेट, आणि नेट सुरू व्हायच्या आत पॅड बांधून तयार. नाशिक महामार्गावर गोदामांच्या ट्रकांची रांग लागली की चाचणीला उशीर ठरलेला. आमच्या गल्लीतला एक डावखुरा फिरकी गोलंदाज असाच एका चाचणीला उशिरा पोचला. यादी बंद झाली होती. पुढे त्याने कापडाच्या धंद्यात पडणे पत्करले आणि आता रविवारी टेनिस बॉल खेळतो. तो मोठा झाला असता की नाही हे मला ठाऊक नाही, आणि त्याला कुणी सर्वकालीन संघात घालावे असेही मी म्हणत नाही. पण ती बंद झालेली यादी त्याच्या गोलंदाजीवरचे मत होते, असे कुणी म्हटले तर मी ऐकून घेणार नाही. शिवलकरांच्या बाबतीत तर आपल्यापुढे अंधार नाही. इतक्या हंगामांचे धावफलक आहेत, चेपॉक आहे, ज्यांना त्यांनी बाद केले ते फलंदाज आहेत. एवढे समोर असताना एका न मिळालेल्या टोपीकडे बोट दाखवायचे?

म्हणून मुंबईचा माझा संघ काढताना मी सुभाष गुप्ते यांच्या जोडीला शिवलकर लिहितो. ज्यांना हे खटकते त्यांनी "टेस्ट कुठे खेळला" हे वाक्य बाजूला ठेवून त्या जागेसाठी दुसरे नाव सांगावे. बापू नाडकर्णी म्हणाल तर ऐकतो : ४१ कसोटी, ८८ बळी, मद्रासला सलग २१ निर्धाव षटके; पण धावा रोखणे आणि संघ उखडणे ही दोन वेगळी कामे आहेत आणि मला दुसरे हवे आहे. रवी शास्त्री म्हणाल तर त्याचे १५१ कसोटी बळी जवळपास ४१ च्या सरासरीने आले आहेत आणि त्याची खरी जागा फलंदाजीत आहे, त्यासाठी वेगळा वाद घालू. आणखी कुणी असेल तर त्याने मुंबईसाठी काढलेले बळी मांडा, कुणाला बाद केले ते मांडा, कुठले अंतिम सामने जिंकून दिले ते मांडा, आणि ते मद्रासच्या ३४ धावांत १३ बळींशेजारी ठेवा.